हातातलं ओझं घेतलं तर एक नारळ

महाडच्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात माझी निम्मी हयात गेली. नाव शुभदा. माझी जीभ तिखट आहे, हे बाजारपेठेत कुणालाही विचारा. एका पेशंटबरोबर सहा-सहा माणसं येतात, दारात गर्दी करतात आणि वर विचारतात, "मॅडम, फोटोत दुखणं दिसतं का हो?" अशा वेळी माझं डोकं फिरतं. कुणाचा मुलाहिजा न ठेवता मी सगळ्यांना बाहेर काढते. पण ज्या बाईबद्दल मी सांगणार आहे, तिच्यापुढे आणि तिच्या वाडीपुढे मला हात जोडावेसे वाटले. माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही.

तुळसा उतेकर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात करंजमाची नावाची वाडी आहे, तिथली. वय साठीच्या पुढे, नक्की किती ते तिलाही ठाऊक नाही. नवरा हैबती मुंबईत गोदामात हमाली करायचा, शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा आणि उरलेलं वर्ष घर तुळसाकाकीच्या डोक्यावर. डोक्यावर म्हणजे अक्षरशः. खालच्या झऱ्यावरून हंडा-कळशी चढवायची, रानातून जळणाचे भारे आणायचे, उतारावरच्या तुकड्यात नाचणी लावायची, कापायची, वाहून आणायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती बाई रिकाम्या हाताने चालताना कुणी पाहिली नव्हती.

मग शाळेत तपासणीचं शिबिर झालं आणि तिला शुगर निघाली. हैबती तोवर वारला होता. मुलगा मंगेश ठाण्याजवळ दिव्याला राहतो, कुरिअरच्या कंपनीत आहे. तो धावत आला, आईच्या गळ्यात पडून रडला, आणि मग कामाला लागला. अंगणात नळ आणला. गॅस आणला, मिक्सर आणला. पडवीत हातवाली प्लास्टिकची खुर्ची ठेवली. जाताना वाडीतल्या प्रत्येक घरात जाऊन सांगून गेला, "आईला शुगर हाय. तिला काय करू द्यायचं नाय."

वाडीने हे मनावर घेतलं. शेजारची पुतणसून वैशाली पाणी भरू लागली. गाय दीर भिकू यांच्या गोठ्यात गेली. जळण आपोआप परसात येऊन पडायचं. तुळसाकाकीने झाडू उचलला तरी कुणीतरी धावत यायचं आणि तिच्या हातातून काढून घ्यायचं, "काकी, तू बस गो." दूध गोड असतं म्हणून दूध बंद झालं. सुका जवळा खारट म्हणून तोही बंद. नाचणीची भाकरी कष्टाच्या माणसाची, आजारी माणसाला जड पडेल म्हणून तिला शहरातल्यासारखी पातळ चपाती, आणि दोन वेळा चहा-बिस्किटं. एवढं सगळं काढून घेतलं, पण दात घासायची मशेरी मात्र कुणी काढून घेतली नाही. तंबाखू जाळून केलेली ती मशेरी ती सकाळ-संध्याकाळ लावत राहिली.

सांगायचं काय, तर इतकी माया फार थोड्या बायकांच्या वाट्याला येते. दहा-एक वर्षं ती खुर्चीत बसून राहिली.

मागल्या माघात ती माझ्या टेबलावर आली. डावं मनगट मोडलेलं, जेवणाच्या काट्या-चमच्यातल्या काट्यासारखं वाकडं. फोटो आला आणि मी चमकले. हाडाचे नुसते दोन तुकडे नव्हते, टोकाला चुरा झाला होता. असं मनगट मी मोटारसायकलवरून उडालेल्या पोरांचं बघते.

"कुठून पडलात? झाडावरून?" मी विचारलं.

"नाय गो बाय. नाचणी वाळत घातली व्हती, कोंबडी आली. तिला हाकायला खुर्चीतून उठले."

"आणि?"

"आणि काय, पडले."

मला ते पटेना. मी जरा आवाज चढवूनच म्हटलं, "खुर्चीतून उठताना हाडाचा असा चुरा होत नाही, काकी. खरं सांगा." तेवढ्यात आमच्या हाडांच्या डॉक्टर अनुपमा मॅडम आत आल्या. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि पहिला प्रश्न विचारला तो हाडाबद्दल नव्हताच.

"शुगर किती वर्षं आहे?"

मंगेश तोवर पोचला होता. तो वैतागून म्हणाला, "मॅडम, शुगरचा आणि हाडाचा काय संबंध?" खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं.

अनुपमा मॅडमनी स्टूल ओढलं आणि त्या तुळसाकाकीकडे बघून बोलू लागल्या, मंगेशकडे नाही. "काकी, शेताचा बांध एकदा घातला की कायमचा राहतो का?"

"राहतोय कसला! खेकडं पोखरतात. दर साल माती लावाय लागते."

"हाडाचंही तसंच असतं. आपलं शरीर रोज थोडं जुनं हाड पोखरून काढतं आणि तिथे नवं लावतं. आयुष्यभर. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की माती लावणारे गडी सुस्तावतात आणि बांध आतून भुसभुशीत होतो. शिवाय हाडात बारीक धागे असतात, ज्यांच्यामुळे हाड थोडं लवतं. त्या धाग्यांवर साखर चढून बसते. ओला बांबू वाकतो, वाळलेला ताडकन तुटतो. तुमचं मनगट तसं तुटलं."

तुळसाकाकी मन लावून ऐकत होती. मी तर हातातली प्लेट खाली ठेवायची विसरले. हाड म्हणजे खांब, एकदा उभा केला की उभा, अशीच माझी समजूत होती. मी रोज ज्याचे फोटो काढते ते आत सारखं मोडत असतं आणि सारखं बांधलं जात असतं, माझ्याही अंगात, या क्षणालाही. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना मी चवदार तळ्याच्या कडेला जरा थांबले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे बघत राहिले. एवढी माणसं चालली होती, आणि प्रत्येकाच्या आत हे बांधकाम चालू होतं.

प्लास्टर झालं. पुढच्या तपासणीला मंगेश ठाण्याच्या मोठ्या मशीनवर केलेला हाडांच्या घनतेचा रिपोर्ट घेऊन आला. जरा ऐटीतच. "हाडं तर चांगली हायत, मॅडम. आकडा बघा."

अनुपमा मॅडम म्हणाल्या, "साखरेच्या पेशंटमध्ये हा आकडा फसवतो. घनता बरी दिसते आणि हाड तरी ठिसूळ असतं. उभ्या जागेवरून पडून मोडलं, हाच माझ्यासाठी खरा रिपोर्ट. आज मनगट आहे, उद्या खुबा असेल. खुबा मोडला तर काकींचं चालणं पुन्हा पहिल्यासारखं होईलच असं नाही."

खुबा म्हटल्यावर मंगेश म्हणाला, "मी आईला दिव्याला नेतो. तिसऱ्या मजल्यावर हाय खोली. तिला खाली उतरायलाच नको."

"तिसऱ्या माळ्यावर बसून मी काय करू रे? ढगं मोजू?" तुळसाकाकी पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "माझं घर हाय तिकडं. चूल बंद करून, कुलूप लावून मी कुठं जानार नाय."

दोघं माझ्या दारात बराच वेळ भांडले, आणि मी त्यांना बाहेर काढलं नाही. शेवटी ठरलं ते असं. पुढच्या वर्षीच्या शिमग्यापर्यंत ती वाडीतच राहील. तोवर पुन्हा काही मोडलं तर घराला कुलूप लागेल. "पुन्हा मोडलं, तर मी माझ्या तोंडानं म्हणीन, चल बाबा," असा शब्द तिने दिला. मंगेशने मान डोलावली, पण त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं की ती मोडणारच असं त्याने धरलं होतं.

आता मॅडमनी तिची घडी नव्याने बसवली. आधी शुगर काबूत आणली. शुगरच्या गोळ्यांतली एक हाडांना बरी नव्हती, ती मूळ डॉक्टरांशी बोलून बदलली. शुगर एकदम उतरली की चक्कर येऊन माणूस पडतं, म्हणून उपाशीपोटी घराबाहेर पडायचं नाही आणि कमरेच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी ठेवायची. रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी निघालं. वर्षानुवर्षं पडवीच्या सावलीत बसलेल्या बाईचं दुसरं काय निघणार? त्याचं औषध सुरू झालं, हाडांसाठी एक वेगळं औषधही. नाचणी परत आली, ताक आलं, शेवग्याचा पाला, कुळीथ, अंडं आलं. जवळा खारा नको, तर धुऊन, बिनमिठाचा. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढला. पायांना मुंग्या येऊन तळवे बधिर झाले होते, चप्पल निसटली तरी तिला कळायचं नाही. त्या दिवशी कोंबडीने नाही, त्या चपलेने घात केला होता. म्हणून मागे पट्टा असलेली सँडल आली, अंगणातसुद्धा घालायची. आणि मशेरी बंद. मशेरी सोडताना ती जितकी कळवळली तितकी हाड मोडल्यावरही कळवळली नसेल.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," मॅडम म्हणाल्या, "आता बसायचं नाही. बांधावर माती कोण लावतं, काकी? शेत कसणारा लावतो. पडीक शेताच्या बांधाकडे कुणी बघत नाही. हाडावर भार पडला तरच शरीराला कळतं की हे हाड लागतंय. चालायचं, चढायचं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. खांबाला धरून एका पायावर उभं राहायचं. मनगट भरलं की थोडं थोडं ओझं, दोन्ही हातांत सारखं, पाठ सरळ ठेवून. डोक्यावर मात्र नाही. कमरेत वाकून झटक्याने उचलायचंही नाही."

"फुगडी घालू?" तुळसाकाकीने विचारलं.

"एवढ्यात नको!" मॅडम हसल्या.

मनगट भरलं. साखरेच्या माणसाचं हाड उशिरा भरतं, तसं तेही उशिरा भरलं, पण मी तो फोटो काढला तेव्हा मोडल्या जागेभोवती पांढुरका ढग दिसत होता. नवं हाड. आता मला ठाऊक होतं की तो ढग कुणी आणि कशाने बांधलाय. मी मॅडमना हाक मारायच्या आधी एकटीच त्याच्यापुढे उभी राहिले.

मग पावसाळ्याच्या तोंडावर ती परत आली, आणि तिचा चेहरा पडलेला.

"चालता का?" मी विचारलं.

"कुठं चालू गो बाय? दाराबाहेर पाऊल टाकलं की चौघी धावतात. कळशीला हात लावला की वैशाली वढून घेते. परवा कळशीसाठी आमची झोंबाझोंबी झाली. म्हणते, काकी, तुला काय झालं तर मंगेशभावजींना काय तोंड दाखवू?"

बरोबर दीर भिकू उतेकर आले होते. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, गावकीचे प्रमुख. मी त्यांच्यावर घसरले. "भिकूबाबा, तुम्ही सगळे मिळून या बाईची हाडं खाताय. शुगरने खाल्ली त्याहून जास्त तुमच्या मायेने खाल्ली. तिला खुर्चीत बसवून तुम्ही तिला दिव्याला पाठवताय, कळतंय का?"

म्हाताऱ्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि तो वहिनीच्या मागून निघून गेला. आपण जास्त बोललो असं मला वाटलं, पण मी माझे शब्द मागे घेणाऱ्यांतली नाही.

पुढे काय झालं ते मला वैशालीने सांगितलं. गावकीच्या पुढच्या बैठकीत, देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, सगळी घरं जमली असताना, भिकूबाबा उठले. आधी गणपतीच्या वर्गणीचं झालं, वाटेवरच्या दरडीचं झालं, आणि मग ते म्हणाले, "आता तुळसावयनीचं." म्हणाले, शुगरच्या माणसाला बसवून ठेवलं की त्याची हाडं वाळतात, हे आपल्याला ठाऊक नव्हतं. आता कळलंय. तर आजपासून तुळसावयनीच्या हातातलं ओझं कुणी घ्यायचं नाय. जो घेईल त्याने देवीला एक नारळ द्यायचा. तिच्या वाटेवरचं शेवाळ मात्र सगळ्यांनी मिळून खरवडायचं.

बायका गलबलल्या म्हणे. कुणीतरी म्हणालं, हा कसला निष्ठुर कायदा? भिकूबाबांनी उत्तर दिलं, "निष्ठुर नाय. तिला हितंच ठेवायची हाय ना?" मग कुणी विरोध केला नाही. पहिला नारळ दुसऱ्याच दिवशी खुद्द भिकूबाबांनी दिला. सवयीने वहिनीच्या हातातली पिशवी घेतली होती.

मला हे खरं वाटेना. गणपती झाल्यावर एका रविवारी मी मुद्दाम करंजमाचीला गेले. जीप खाली सोडून चढत होते, आणि वरून तुळसाकाकी येताना दिसली. दोन्ही हातांत दोन लहान कळश्या, पट्ट्याची सँडल, पाऊल बघून बघून टाकत झऱ्याकडे निघालेली. अंगणात नळ असताना. तिच्या मागे-पुढे वाडीतल्या तीन बायका. परतताना कळश्या अर्ध्या भरलेल्या होत्या. चढावर ती थांबली, धापा टाकू लागली, कपाळावरचा घाम कानशिलावरून खाली आला. मी वैशालीकडे बघितलं. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. दुसरीने पदर तोंडात धरला होता. तिसरी आभाळाकडे बघत होती. एकीनेही हात पुढे केला नाही. तुळसाकाकीने श्वास घेतला आणि पुढचं पाऊल टाकलं, तेव्हा तिघींनी एकदम सुस्कारा सोडला.

मी खूप लोकांना खूप लोकांसाठी खस्ता खाताना पाहिलंय. पण कुणावर माया करतोय म्हणून आपले हात मागे बांधून उभं राहायचं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला जन्मभर ते जमलं नसतं. मी त्या वाटेवर उभी होते आणि मला त्या चार बायकांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

कार्तिकात एका सकाळी फोन आला. आदल्या संध्याकाळी तुळसाकाकी पडली. झऱ्याजवळच्या पायरीचा दगड सुटला आणि ती घसरून खालच्या पायरीवर, उजव्या अंगावर आपटली. रात्री जीप मिळाली नाही, आता आणताहेत.

मी मशीन चालू करून बसले. मंगेशला कुणीतरी कळवलं होतं. तो रात्रीच निघाला होता, तिच्या आधीच पोचला. खांद्यावर बॅग होती. घराचं नवं कुलूप त्याने महाडच्या बाजारातून घेतलं होतं, ते त्याच्या हातात होतं. रागाने नव्हे हो, त्या पोराचे डोळे सुजले होते.

तिला स्ट्रेचरवरून आणलं. मागून वैशाली, भिकूबाबा आणि निम्मी वाडी. या वेळी मी कुणालाच दाराबाहेर काढलं नाही, नुसतं "हलू नका" म्हणाले ते सगळ्यांनाच लागू झालं. खुब्याचा फोटो घेतला. मग मनगटाचा, मग कमरेचा.

फोटो समोर आला. खुब्याचं हाड गोल, सलग. मी कडेने बोट फिरवत गेले, परत आले, पुन्हा गेले. कुठे रेघ नाही. अनुपमा मॅडम आल्या. त्यांनी माझ्याहून जास्त वेळ बघितलं, मग तिच्या पायाची हालचाल करून बघितली, तिला हळूहळू उभं केलं, चार पावलं चालवलं.

"मोडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मुका मार आहे. दुखणं वाढलं तर लगेच परत या."

मंगेश म्हणाला, "म्हणजे हाडं घट्ट झाली?"

"तेवढ्या काळात हाड किती सुधारलं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. हाडाला वर्षं लागतात. पण पडताना यांनी पायरीची कड धरली, अंग सावरलं, पूर्ण जोराने आपटल्या नाहीत. हे पाय आणि हे हात माघात नव्हते यांच्याकडे. एवढं नक्की."

वैशाली एकदम रडू लागली. "पडली तेव्हा मी तिथंच व्हते," ती म्हणाली. "मी धावले. तर काकी खालून म्हणते, कळशीला हात लावू नको, नारळ पडेल!"

खोलीभर हशा पिकला. मंगेश हसला नाही. तो आईकडे बघत होता. पहिल्यांदाच नीट बघत असावा. शिमगा अजून लांब होता आणि शब्द शब्द होता, पण त्याने हातातलं कुलूप बॅगेत टाकलं.

निघायची वेळ झाली. टेबलाशेजारी तुळसाकाकीची कापडी पिशवी होती, तिच्यात औषधं आणि पाण्याची बाटली. ती टेबलाला हात न टेकता उठली, लंगडत दोन पावलं गेली, गुडघ्यात वाकली आणि पिशवी उचलली. मंगेशचा हात आपसूक पुढे गेला. सगळी वाडी त्या हाताकडे बघू लागली. मीही.

तो हात अर्ध्यात थांबला. मंगेशने तो मागे घेतला, दुसऱ्या हातात घट्ट धरला, आणि आईसाठी दार उघडून उभा राहिला.